वाजणारा दगड, उलटं घड्याळ आणि नंदाचा उजवा हात

माझ्या डाव्या पायाचा घोटा ठणकायला लागला की समजावं, धान कापणीला आलं. घरातले हसतात. पण कॅलेंडरवर कार्तिक येतो तेव्हा येतो, माझ्या घोट्यात तो दोन दिवस आधीच येऊन बसलेला असतो. परवा सकाळी अंगण झाडताना घोट्यातून एक कळ आली आणि त्याच वेळी रस्त्याकडून कापलेल्या धानाचा वास आला. ओलसर, गोड, थोडा धुळीचा. मी झाडू टेकवून तशीच उभी राहिले आणि एकटीच हसायला लागले. समोरची शेजारीण म्हणाली, "काय झालं वो वंदनाताई? पाय दुखून राहिला, अन् तुम्ही हासून राहिल्या!" तिला काय सांगणार? या दुखण्यावर माझा फार जीव आहे.

आमच्या मोहाडीकडचे हे दिवस मला दिवाळीपेक्षाही जास्त आवडतात. शिवारात निम्मं धान उभं असतं, निम्मं कापून आडवं पडलेलं असतं. तलावातले शिंगाडे काढून, उकडून, टोपल्या भरून बाया रस्त्याकडेला बसतात. प्रत्येक गावाची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, वेगळ्या दिवशी भरते आणि विजेच्या खांबांवर नाटकांची रंगीत पोस्टरं डकवलेली असतात. आणि रस्ते? या दिवसांत रस्ते रस्ते राहतच नाहीत. अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेलं, त्याच्या कडेने दगड मांडून हद्द आखलेली, आणि उरलेल्या अर्ध्यात तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेले ट्रॅक्टर, एसटी, म्हशी आणि आपण. या दिवसांत आमच्याकडे ज्याला दुचाकी चालवता आली त्याला ती कुठेही चालवता येईल, असं माझं ठाम मत आहे. चार वर्षांपूर्वी हे मत मी नंदासमोर मोठ्या रुबाबात मांडलं होतं. तिथूनच सगळं सुरू झालं.

नंदा, कल्पना आणि मी शाळेत एका बाकावरच्या. लग्नंही आसपासच झाली आणि फिरून तिघी मोहाडीतच आलो. कल्पना प्राथमिक शाळेत शिकवते. मी आमच्या किराणा दुकानात बसते. नंदा विणकराची लेक आणि विणकराचीच सून. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणता विणता तिची बोटं इतकी तयार झाली आहेत की डोळे मिटून नुसता पदर चिमटीत धरला तरी धागा कसा आहे ते ती सांगते. याच बोटांमुळे त्या वर्षी तिच्याकडे एक निरोप आला. तुमसरच्या एका कापडवाल्याला कोशाचा माल पारखणारी बाई हवी होती. महिन्याभराने, एका सोमवारपासून यायचं. हो की नाही, ते आदल्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं.

अडचण एकच होती. दुकान उघडायच्या वेळेला पोचवील अशी बस नव्हती. दुचाकी चालवता आली तरच नोकरी. सुरुवातीला माझी स्कूटी नेता आली असती. नंदाचा नवरा भला माणूस, पण त्याने सगळं आईवर सोपवलं. आणि त्याच्या आईने, म्हणजे नंदाच्या आत्याबाईंनी, आमच्या काकूंनी, एका वाक्यात विषय मिटवला होता. "गाडीवरून पडली अन् हात मोडला, तं माग कोन चालवन?" काकूंचं चुकत नव्हतं. त्या घरात नंदाचा उजवा हात म्हणजे दाणापाणी होता.

नंदाने मात्र निरोप आल्या दिवसापासून, काकूंना न सांगता, माझ्या स्कूटीवर शिकायला सुरुवात केली होती. शाळेच्या मैदानावर रोज दुपारी अर्धा तास. मी शिकवणारी, कल्पना टाळ्या वाजवणारी. मैदानात ती छान चालवायची. रस्त्यावर आली की गडबड व्हायची, आणि ती गडबड जगात फक्त विणकरालाच होऊ शकते. मागावर बसलं की पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर. एक दाबायची, एक सोडायची. उजव्या हाताने दोरीला झटका दिला की धागा वाहणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळतो. वीस वर्षं हेच केलेलं शरीर. आता त्याला गाडी शिकवा! घाबरली की नंदा दोन्ही पायांनी स्कूटीचा पत्रा दाबायची. तेवढं चालून जायचं, पायांनी काही बिघडत नव्हतं. पण उजवा हात! समोर कुत्रं आलं, खड्डा आला, की तो हात आपोआप झटका द्यायचा. आणि त्या हातात आता दोरी नसून गाडीची रेस असायची. कुत्रं दिसलं की सगळं जग थांबतं, आमची नंदा सुटायची.

म्हणून त्या रविवारची सहल ठरली. कल्पनाच्या डोक्यातून निघालेली. ती वर्गात पोरांना विचारायची, "तुमच्या नाहीतर तुमच्या मामाच्या गावात असं काय आहे, जे दुसरीकडं कुठंच नाही?" पोरं जे सांगतील ते ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायची. एका घरावर पाण्याची टाकी धानाच्या कट्ट्यासारखी, म्हणजे पोत्यासारखी आहे. एका न्हाव्याच्या दुकानात घड्याळ उलटं चालतं. आंबागडाच्या पायथ्याशी एक दगड वाजतो. बाहेरगावचे लोक आमच्या जिल्ह्यात वाघ बघायला येतात आणि आम्ही तिघी चाळिशी उलटलेल्या बाया पोतं, घड्याळ आणि दगड बघायला निघालो होतो! शेवटी गायमुखला दर्शन घेऊन परतायचं. जाणं-येणं नंदाने चालवायचं, मी तिच्या मागे बसायचं, कल्पना तिच्या गाडीवर. धड परत आलो तर नंदा संध्याकाळी फोन करून हो म्हणणार. नाहीतर नाही. "हे सहल नाही, माही परीक्षा आहे," नंदा म्हणाली. "मंग डबा दोन्हीले लागते," कल्पना म्हणाली, आणि तिने लाखोरीच्या डाळीचे वडे केले.

काकूंना सांगितलं, गायमुखला दर्शनाला जाऊन राहिलो. गाडी वंदना चालवते. काकूंनी देवाला वाहायला एक नारळ दिला. तो मी सीटखालच्या डिकीत ठेवला. त्यांच्या घरासमोरून गाडी मीच काढली आणि तहसील कचेरीच्या वळणावर नंदाच्या हातात दिली. परत येताना याच वळणावर पुन्हा अदलाबदल करायची, असंही ठरलं. चोरून सिनेमाला जाणाऱ्या पोरींसारख्या आम्ही खिदळत होतो.

काय सकाळ होती ती! धुकं नुकतं उठलेलं, उन्हाला अजून धार नव्हती. बांधाबांधावर कापणाऱ्या बायांच्या रांगा. एका रांगेतून कोणीतरी ओरडलं, "कोनत्या मंडईले चालल्या वो बायांनो?" कल्पना तितक्याच जोरात ओरडली, "आमचीच मंडई हाय!" नंदा हसली, गाडी जराशी हलली, आणि मी पटकन तिच्या खांद्यावरून हात पुढे नेला. हे मी दिवसभर करत होते. तेव्हा मला ते लक्षात आलं नव्हतं.

कट्ट्याची टाकी लांबूनच दिसली. दुमजली घर, गच्चीवर सिमेंटचं भलंमोठं धानाचं पोतं. तोंड शिवलेलं, शिवणीचा सुतळीसारखा टाका रंगवलेला, वरची दोन कानं सुद्धा काढलेली. घरमालक दारातच दात घासत उभे होते. आम्ही टाकी बघायला मोहाडीहून आलो हे ऐकून त्यांनी घाईघाईने चूळ भरली आणि आम्हाला गच्चीवर नेलं. "लोकं टाकीवर विमान बनवतात, घोडा बनवतात. आपण काय विमानानं मोठे झालो? आपण कट्ट्यानं मोठे झालो," ते म्हणाले. कल्पनाने टाकीला टेकून फोटो काढला. नंदाने मात्र सुतळीचा टाका बारकाईने पाहिला आणि म्हणाली, "भाऊ, टाका उलटा काढला जी. कट्टं या बाजूनं शिवतात." घरमालकांनी वाकून टाका पाहिला. मग म्हणाले, "बारा वर्षांत कोनी ओळखलं नव्हतं!" आणि आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. गच्चीवरून उतरताना नंदा इतकी खूश होती की तिने किल्ली माझ्याकडून मागून न घेता हिसकावूनच घेतली.

पुढच्या गावाबाहेर रस्त्यावर धान होतं. शंभर-दीडशे पावलांचा पट्टा, कडेने दगड. उरलेल्या डांबरावरून आमची गाडी नीट चालली होती. तेवढ्यात एक कोंबडी धानातले दाणे टिपायचं सोडून आमच्यासमोर आली. मी "नंदे!" म्हणून ओरडले. नंदाचे दोन्ही पाय पत्र्यावर दाबले गेले आणि उजव्या हाताने झटका दिला. गाडी उडी मारून दगडांची हद्द ओलांडून थेट धानात. चाकाखाली दाणे सरकले आणि आम्ही दोघी हळूच, अगदी सावकाश, एका कुशीवर निजलो. लागलं काहीच नाही. धानाच्या गादीवर पडून कोणाला लागतं? पण धान चहूकडे उधळलं होतं आणि झाडाखालून एक म्हातारे बाबा दाताळं घेऊन येत होते.

"अवं पोरीहो, हा रस्ता नोहे! माहं खळं आहे हे!"

आम्ही तिघींनी मुकाट्याने हातांनी धान गोळा केलं. डांबरावरचा दाणा न् दाणा. बाबांचा राग आमच्याबरोबर वाकून वाकून उतरत गेला. शेवटी ते नंदाला म्हणाले, "गाडी नवीन आहे का?" नंदा म्हणाली, "गाडी जुनी आहे बाबा. मीच नवीन आहो." ती हसत म्हणाली, पण हँडल धरायला पुढे झाली नाही. मला ते दिसलं. आणि मी हँडल हातात घेतलं. "दे इकडे. थोड्या वेळानं घेजो." नंदा मागे बसली.

तो थोडा वेळ संपलाच नाही. पुढे बाजारातली गर्दी होती, मग उखडलेला रस्ता होता, मग एक चढ होता. प्रत्येक वेळी काही ना काही होतंच, आणि प्रत्येक वेळी मी म्हणत होते, हे झालं की देते.

न्हाव्याचं दुकान एका चौकात, रविवारची गर्दी असलेलं. दारात तीन बाया पाहून आतले सगळे पुरुष थिजले. एकाच्या गालाला फेस, एकाची मिशी अर्धी. कल्पना शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "आम्ही घड्याळ पाहाले आलो." न्हावी हसला. त्याने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. खरंच उलटं घड्याळ! आकडे उलटे, काटे उलट्या दिशेने फिरणारे. काहीच वाचता येईना. "उभ्यानं नाही समजत ताई. खुर्चीत बसा लागते," तो म्हणाला. फेसवाल्याने नम्रपणे खुर्ची सोडली आणि आम्ही नंदाला बसवलं. तिने समोर आरशात पाहिलं आणि आरशातलं घड्याळ सरळ झालं! गिऱ्हाइकाला खुर्चीत बसल्या बसल्या आरशात वेळ कळावी म्हणून न्हाव्याने ते तसं करून घेतलं होतं. एवढी साधी गोष्ट. आम्ही तिघी आळीपाळीने खुर्चीत बसून किंचाळलो. मला वाटतं त्या दुकानात एवढा आनंद आधी कोणी केला नसेल.

माझी पाळी आली तेव्हा नंदा माझ्या मागे उभी होती. आरशात घड्याळाशेजारी तिचा चेहरा दिसला. हसून झालेला, आता शांत. ती घड्याळाकडे पाहत होती. साडेअकरा. रविवारची संध्याकाळ जवळ येत होती आणि गाडीची किल्ली माझ्या मुठीत होती. मला ते कळलं. कळूनही मी किल्ली दिली नाही, हे आज लिहिताना जास्त लागतं.

आंबागडाच्या पायथ्याशी वडे खाल्ले, शिंगाडे सोलले. मग वाजणाऱ्या दगडाचा शोध. झुडपांमध्ये हत्तीच्या पिल्लाएवढे पाच-सहा काळे दगड होते आणि कोणता वाजतो ते कोणीच सांगितलं नव्हतं! प्रत्येक दगडाला ठोकत आम्ही फिरत होतो. ठक्. ठक्. ठक्. आणि मग एकदम टण्! पाण्याच्या रिकाम्या पितळी गुंडाला टिचकी मारावी तसा. कल्पना तर नाचलीच. मी मोठा गोटा घेऊन दणका दिला, आवाज बसका आला. कल्पनाने दोन्ही हातांनी मारलं, तसाच. नंदाने एक लहानसा खडा घेतला आणि मनगटातून नुसता झटका दिला. टण्ण्! आवाज झुडपांतून पुढे गेला. आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो.

"एवढंच लागते," ती म्हणाली. "माहेरी मागावर बसलोच नव्हतो. इथं नवीन नवीन माग शिकत होतो नं, तवा मी अख्ख्या हातानं दोरी ओढायची. धोटा उडून भिंतीवर जाये. आत्याबाईनं काय केलं माहीत आहे? माह्या काखेत फडक्याची घडी ठेवली. म्हने, फडकं पडलं नाही पाहिजे. हात अंगाशी राहीन तं मनगटच हालन. दिवसभर फडकं पडे. मी रडे. आठव्या दिवशी नाही पडलं." ती दगडावर पुन्हा एक खडा मारून ऐकत राहिली. काकूंबद्दल इतक्या प्रेमाने बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

मग आम्ही किल्ला चढलो. जन्मभर ज्याचं नाव ऐकलं, पोरांना ज्याच्या गोष्टी सांगितल्या, तो किल्ला आम्हा तिघींपैकी एकीनेही चढला नव्हता. जवळच्या गोष्टी राहून जातात त्या अशा. भलामोठा दरवाजा, रानाने गिळलेल्या भिंती, आणि जिचं पाणी कैद्यांना पाजून मारायचे म्हणतात ती विहीर. कल्पना विहिरीत डोकावून "कोण आहे?" म्हणाली आणि तिचाच आवाज परत आला तशी दहा पावलं मागे पळाली. वरून सगळा मुलूख दिसत होता. पिवळे चौकोन, कापलेले भुरे चौकोन, मध्येच चमकणारे तलाव, आणि बारीक काळा रस्ता. त्या रस्त्यावर जागोजागी धानाचे पिवळे पट्टे दिसत होते. नंदा ते मोजत होती. "सात आहेत वंदे," ती म्हणाली. मी म्हणाले, "काळजी कायले करतं? मी आहो ना." आज वाटतं, त्या दिवसातलं माझं सगळ्यात वाईट वाक्य ते होतं. आणि त्यानंतर पाचच मिनिटांत, उतरताना, मागे वळून नंदाला "सांभाळून पाय ठेव" असं सांगत असताना माझा डावा पाय निसटत्या दगडावर पडला.

घोटा पाहता पाहता सुजला. दोघींच्या खांद्यांवर हात टाकून मी कशीबशी खाली आले. पाय जमिनीला टेकवता येत नव्हता, गाडी उभी धरणंही शक्य नव्हतं. गायमुख राहिलंच. कल्पना म्हणाली, "तुझी गाडी गावात कोनाकडं ठेवू. मी तुम्हा दोघींले एकेक करून नेतो." मी लगेच हो म्हणाले. नंदा म्हणाली, "काहून?"

मी कल्पनाकडे पाहिलं.

"काहून ठेवायची? मी आहो ना. वंदे, तू माह्या मागं बस."

तिने हात पुढे केला. मी किल्ली दिली. नंदाने डिकी उघडली. गाडी पुसायचं पिवळं फडकं काढलं, नारळ तसाच राहू दिला. फडक्याची चौकोनी घडी घातली आणि उजव्या काखेत दाबली. मग दोन्ही हात हँडलवर ठेवले. कोपर अंगाला चिकटलेलं, फक्त मनगट मोकळं. तिने एकदा रेस देऊन पाहिली. बारीक, गुळगुळीत आवाज.

परतीचा रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो, कारण निम्मा वेळ माझे डोळे मिटलेले होते. पहिला धानाचा पट्टा. दुसरा. एक म्हैस आली, नंदाचे पाय पत्र्यावर दाबले गेले, पण हात हलला नाही. फडकं काखेतच. माझा हात मात्र सवयीने तिच्या खांद्यावरून पुढे गेला. नंदा मागे न पाहता म्हणाली, "वंदे, हात काढ. मागावर बसली की माहा खांदा कोनी धरत नाही." मी हात काढला. हात ठेवायला जागा सापडेना, मग मी तो स्वतःच्या मांडीवर ठेवून मूठ आवळली. खरं सांगते, घोट्यापेक्षा तो हात मागे घेणं मला जास्त जड गेलं. महिनाभर मी नंदाला शिकवत होते, पण ती शिकून झाली हे काही माझ्याच्याने मान्य होत नव्हतं.

मग बाबांचं खळं आलं. त्याच वेळी समोरून तणसाने फुगलेला ट्रॅक्टर. एका बाजूला धान, एका बाजूला ट्रॅक्टर, मध्ये हातभर डांबर. बाबा दाताळं घेऊन उभे राहिले. सकाळच्याच बाया ओळखून त्यांनी डोक्याला हात लावला. माझ्या तोंडापर्यंत "नंदे!" आलं. मी ओठ चावला. ती धीमी झाली, आणखी धीमी झाली, तणसाच्या काड्या आमच्या कानांना घासून गेल्या. समोर दगडांची रांग आणि आमचं चाक, दोन्ही एका रेषेत. आणि आम्ही पार झालो! मागून बाबांचा आवाज आला, "वा रे पोरी! एक दाना नाही हालला!" कल्पना मागून हॉर्नवर हॉर्न देत होती. मी रडत होते आणि हसत होते आणि घोटा ठणकत होता. नंदा मागावर असते तशीच मन लावून होती.

मोहाडी आली. तहसील कचेरीचं वळण आलं. कल्पनाने गाडी पुढे घालून हात केला. "थांब! वंदीले माझ्या गाडीवर घेतो. तिची गाडी इथंच लाव अन् तू पायी जा, आत्याबाई दारातच बसून असतीन!" खरंच होतं. संध्याकाळी काकू दारात बसून चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरतात. त्यांना पत्ता न लागू देता सगळं निस्तरायची ही शेवटची जागा होती. नंदाने वेग कमी केला. मला वाटलं, थांबली. पण ती वळणावरून सरळ पुढे गेली.

काकू दारातच होत्या. आमची गाडी त्यांच्यासमोर जाऊन थांबली. पुढे त्यांची सून, मागे सुजलेल्या पायाची मी. काकूंचा फिरता चरखा थांबला. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. नंदाने गाडी स्टँडवर लावली, हात हँडलवरून काढले, आणि तिच्या काखेतून फडक्याची घडी उंबऱ्यासमोर पडली.

काकू त्या घडीकडे पाहत राहिल्या. मग उठल्या. वाकून फडकं उचललं, झटकलं, पुन्हा चौकोनी घडी घातली. पिवळं, तेलकट, गाडीच्या धुळीने माखलेलं ते फडकं त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं.

"कुठपासून?" त्यांनी विचारलं.

"आंबागडापासून, आत्याबाई."

"पडलं का?"

"नाही पडलं."

काकूंनी घडी एका हातात घेतली. मग त्यांनी नंदाचा उजवा हात हातात घेतला, कोपरापासून मनगटापर्यंत चाचपून पाहिला, जसा तिला मागावर बसवायच्या आधी पाहत असतील. आणि ती घडी पुन्हा तिच्या काखेत सरकवली.

"उद्या विसरू नको," त्या म्हणाल्या. "तुमसरचा रस्ता लंबा आहे."

नंदा उंबऱ्यावरच मटकन बसली आणि रडायला लागली. काकू माझ्याकडे वळल्या. "अन् तू कायले रडतं? तुले काय झालं?" मी म्हणाले, "काकू, पाय मुरगळला." त्या म्हणाल्या, "देवाच्या नावानं खोटं बोललं की असंच होते." मग त्यांनी डिकी उघडायला लावली. आत नारळ होता. तो पाहून त्या पहिल्यांदा हसल्या. "याले तं नेऊन द्यावंच लागन. पुढच्या रविवारी मी येतो मागं बसून. अन् तो दगड कुठं आहे म्हने, वाजते तो?" दगडाची गोष्ट त्यांना कोणी सांगितली, हे आम्हाला अजूनही कळलेलं नाही. कल्पनाच्या वर्गातलं एक पोरगं त्यांच्याच गल्लीत राहतं, एवढंच मला ठाऊक आहे.

चार वर्षं झाली. परवा अंगणात झाडू टेकवून मी हसत उभी होते ना, तेव्हा रस्त्यावर धान पसरायला सुरुवात झाली होती आणि तुमसरकडे जायची नंदाची वेळ होत आली होती. ती आली, माझ्या दारासमोर तिने रोजच्यासारखा हॉर्न दिला. धानाच्या कडेने, दगडांच्या रेषेला लागून, सरळ निघून गेली. मी पाहिलं. तिच्या उजव्या काखेत आता काही नसतं. कोपर मात्र अजून अंगाशीच असतं.